दादीला नऊवारी कुणी नेसवली?

आमच्या अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चारही नातवंडांना पदव्या वाटून टाकल्या आहेत. माझा मुलगा आठवीत आहे, तो ‘वकीलसाब’. मुलगी पाचवीत, ती ‘कलेक्टर’. धाकट्या दिरांचा मुलगा दुसरीत, तो ‘नवाबसाब’, कारण जेवलेलं ताट त्याने आजवर स्वतः उचललेलं नाही. आणि त्याची चार वर्षांची बहीण ‘बेगम’. घरात बेगम म्हणेल तेच होतं, त्यामुळे तिच्या पदवीचा वेगळा खुलासा नको. अकीक्याच्या आधी किताबं चाळून, अर्थ पाहून, मौलानांना विचारून ठेवलेली सुंदर सुंदर नावं आता फक्त शाळेच्या हजेरीपटावर उरली आहेत.

अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. जन्म सोलापूरचा, सासरही सोलापूरचंच. गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं त्या दर वर्षी ‘ईद झाल्यावर’ करणार असतात. घरातला कारभार तसा त्यांच्या हातात आता काहीच नाही. किराण्याची यादी मी करते, गॅस जाऊ बुक करते, नळाला पाणी आलं की मोटर मुलांचे अब्बा लावतात. कपाटाच्या किल्ल्या अम्मींनी स्वतःच एके दिवशी आम्हा दोघींसमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, “लो, अब तुम लोगां ढूंडते बैठो.” त्यांच्याकडे राहिली ती चेष्टामस्करी. आणि खरं सांगायचं तर घर त्यावरच चालतं.

मुलांना फजरला उठवण्याचंच बघा. मी हाका मारते, जाऊ पांघरूण ओढते, मुलांचे अब्बा दारातून आवाज चढवतात. वकीलसाब हलत नाहीत. अम्मी मात्र काठी टेकत येतात, त्याच्या उशाशी बसतात आणि रात्री पडलेलं स्वप्न सांगायला सुरुवात करतात. स्वप्नात आधी त्यांची मोठी बहीण येते, मग तिची शेळी येते, शेळी कुणाच्या तरी लग्नात जाते, त्या लग्नात वकीलसाबचे गणिताचे सर खिचडा वाढत असतात. स्वप्न कुठे संपायचं नावच घेत नाही. पाच मिनिटांत वकीलसाब वुजूला पळालेले असतात. “अलार्म से अच्छा है ना मेरा ख्वाब? चार्जिंग बी लगता नई,” अम्मी आम्हाला ऐकवतात.

गुडघ्यांमुळे त्या आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. साधीच प्लॅस्टिकची खुर्ची आहे, पण तिची उंची त्यांना अगदी बेताची, पाय जमिनीला नीट टेकतात. अडचण एवढीच की खुर्ची दिसली की बेगमला मांडी दिसते. अम्मींनी नियत बांधली की ही चढून बसते, ओढणीच्या टोकाशी खेळते, कधी त्यांच्या तसबीहचे मणी मोजते, ‘एक, दोन, चार, अकरा’. जाऊ बिचारी ओशाळते, मुलीला ओढून न्यायला धावते. अम्मींनी सलाम फेरल्यावर तिला एकदा समोर बसवून सांगितलं की प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या नातीला, हजरत जैनब (रजि.) यांच्या छोट्या उमामाला, अंगावर घेऊन नमाज पढवत असत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उभं राहताना पुन्हा उचलून घेत. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, हे वकीलसाबने मकतबच्या मौलानांना विचारून आणलं, तेव्हा अम्मी म्हणाल्या, “मेरेकू तो मेरी अम्मा बोली थी. उसकू किताब का नाम मालूम नई था, बात मालूम थी.” तेव्हापासून बेगमची मांडीवरची जागा कायम झाली. फक्त ओढणी ओढायची नाही, एवढी एकच अट.

संध्याकाळी असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात घरात अदालत भरते. फिर्यादी चार, आरोपी तेच चार, साक्षीदारही तेच. चार्जर कुणी काढला, शार्पनर कुणी हरवला, दाण्याच्या लाडवाचा डबा कुणाच्या हाताला लागला. अम्मींच्या अदालतीचे कायदे कुठेही लिहिलेले नाहीत, पण मुलांना तोंडपाठ आहेत. जो रडत येईल त्याचं शेवटी ऐकायचं. आईबापांचं नाव घेऊन धमकी दिली तर दावा खारीज. ‘कसम से’ म्हटलं की दंड. दंड म्हणजे दादीचे पाय पाच मिनिटं दाबायचे. वकीलसाबने मागे हिशोब काढला की नवाबसाबकडे एकूण दोन तास दहा मिनिटांची थकबाकी आहे आणि आता त्यावर काहीतरी वाढवून लावायला हवं. अम्मी म्हणाल्या, “सूद की बात नक्को कर रे, हराम है.” आणि सगळी थकबाकी एका झटक्यात माफ करून टाकली. नवाबसाब त्या दिवशी इतका खूश झाला की आपणहून पाय दाबायला बसला.

मी शिक्षिका आहे. बी.एड.ला आम्हाला बक्षीस आणि शिक्षेचे प्रकरण चांगलं तीस पानांचं होतं. त्यात ही पद्धत नव्हती.

आता नऊवारीकडे येते. मागच्या सहामाहीच्या आधी कलेक्टरला शाळेतून निबंध आला, ‘माझी आजी’. बाईसाहेबांनी दुकानातून आणलेली निबंधाची गाइड उघडली, दहा मिनिटांत वही भरली आणि रात्री जेवणाच्या दस्तरखानावर सगळ्यांना वाचून दाखवली. आजी पहाटे उठते. अंगणात सडा टाकून रांगोळी काढते. ती नऊवारी लुगडं नेसते, कपाळावर मोठं कुंकू लावते. रोज देवळात जाते आणि आम्हाला खडीसाखर आणते. मुलगी अगदी हावभाव करून, पूर्णविरामाला थांबत वाचत होती.

आम्ही सगळे एकदम गप्प. अम्मींनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, “नऊवारी का रंग कौनसा है?”

कलेक्टरने वहीत पाहिलं. रंग लिहिलेला नव्हता.

“मेरेकू पूछे बगैर मेरेकू नऊवारी पिनाई, तो रंग तो अच्छा देना ना!” आणि मग त्या हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, अंगण म्हणशील तर आपल्या जिन्यात दोन चपलांचे स्टँड आहेत, सडा कुठे टाकू? रांगोळी आयुष्यात एकदाच काढली, शेजारच्या काकूंच्या मुलीच्या लग्नात, आणि त्यांनी ती हळूच पुसून पुन्हा काढली. तो किस्सा आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मराठी शिकवताना असे निबंध मी दर वर्षी तपासते. वर्गात निम्मी मुलं आपल्या घरांतली असली तरी आजी मात्र सगळ्यांची एकच, गाइडमधली. गाइड लिहिणाऱ्याला दोष का द्यावा? त्याने त्याची आजी लिहिली. आपल्या मुलांना आपली दादी, आपली नानी निबंधात बसेल असं वाटतच नाही. मुलाला दहापैकी आठ गुण मिळतात, आईबाप समाधानी होतात, आणि शेजारच्या खोलीत पान कुटत बसलेल्या खऱ्या म्हातारीला कुणी काही विचारत नाही. मी वहीखाली लाल पेनाने एकच ओळ लिहिते, ‘ही कुणाची आजी?’ मुलं लाजतात. पालक कधी कधी भेटायला येतात.

घरात मात्र मला लाल पेन काढावं लागलं नाही. अम्मींनी कलेक्टरला दुसऱ्या दिवशी समोर बसवलं. “लिख. मैं बोलती.”

ते दोन तास मला कायम लक्षात राहतील. कलेक्टर प्रश्न विचारत होती, बाकीचे तिघे ऐकत होते, अम्मी अडकित्त्याने सुपारी कातरत सांगत होत्या. लग्नाआधीपासून त्या घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, एका बाजूला तंबाखू. पान मापाने कात्रीने कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याने बांधायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजारावर. कारखान्यात माल द्यायला गेलं की मुनीम हाताने चाचपून खराब विड्या बाजूला काढायचा आणि त्या मजुरीत धरायचा नाही. “वो अच्छ्या बी बाजू निकालता था,” अम्मी म्हणाल्या, “मैं उसके सामने गिनती थी, तो मेरे कम निकालता था.”

इथे नवाबसाबला धक्का बसला. दादी शाळेत गेली नाही हे त्याला ठाऊक होतं. कुरआन शरीफ त्या रोज पढतात, उर्दूची ठळक अक्षरं लावून लावून वाचतात, पण लिहिता येत नाही. मग पाढे कुठून? त्याने लगेच परीक्षा घेतली. अम्मी सुपारी कातरत कातरत म्हणत गेल्या, पच्चीस चौके सौ, पच्चीस अठ्ठे दो सौ, आणि थेट पच्चीस चालीस हजारला जाऊन थांबल्या. दुसरीतल्या मुलाच्या चेहऱ्यावर इतका आदर मी माझ्या वर्गात कधी पाहिलेला नाही.

वकीलसाबचं मात्र समाधान होत नव्हतं. तंबाखू वाईट असते, त्याच्या शाळेत त्यावर भित्तिचित्र लावलं आहे. “दादी, फिर तुम बिडी कायकू बनाते थे?”

अम्मी म्हणाल्या, “मैंने पी नई. बस बांधी.” मुलं हसली. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. दोरा ओढून ओढून नखाच्या कडेला पडलेली खाच अजून आहे. घरात तंबाखूची धूळ असायची, सगळे खोकायचे, तान्ही मुलं त्या वासातच झोपायची, हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. “बुरी चीज है. लेकिन तेरे अब्बा के कॉलेज की फीस इन्हीं उंगल्यां से निकली. दोनों बात लिख.”

कलेक्टरने दोन्ही लिहिल्या. मुलांचे अब्बा दारात उभे होते, ते आत आलेच नाहीत.

निबंध शाळेत गेला आणि परत आला. दहापैकी नऊ. बाईंनी कौतुकाचा शेरा दिला होता, फक्त एका वाक्याला लाल गोल होता, ‘दादी म्हणाली, नक्को’. शेजारी लिहिलेलं, “नक्को नव्हे, नको.” एक गुण तिथे गेला. कलेक्टर रडकुंडीला आली. मी तिला समजावलं की बाईंचं व्याकरण चूक नाही आणि दादीचा शब्दही चूक नाही. आपली घरातली दखनी शेकडो वर्षं मराठीच्या शेजारी राहिली आहे. मराठीतला ‘नको’ आपण घेतला आणि जरा जोर देऊन ‘नक्को’ केला. ‘हळू’चं ‘हल्लू’ झालं. ‘मैंच आती’, ‘वोइच बोला’ यातला ‘च’ तर सरळ मराठीतूनच आलेला आहे. लखनौच्या पाहुण्यांना तो कळत नाही, सोलापूरच्या भाजीवालीला कळतो. अम्मींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मतलब मैं इत्ते दिन से मराठी बोलती थी और तुम लोगां मेरेकू बताए बी नई?”

रमजानचं जरा थोडक्यात सांगते, कारण ते घरोघरी सारखंच असतं. नवाबसाबला यंदा रोजा धरायचा होता. अम्मींनी त्याला चिडिया रोजा दिला. सहरीपासून जुहरपर्यंत अर्धा, मग खाऊनपिऊन असरपासून मगरिबपर्यंत उरलेला. त्याने महिनाभरात असे सहा केले आणि ईदच्या दिवशी ‘सहा रोजे’ सांगून सगळ्यांकडून ईदी वसूल केली. वकीलसाबचं म्हणणं, अर्ध्या रोजाला ईदीही अर्धीच हवी. अम्मींनी निकाल दिला की नवाबचे रोजे अर्धे असतील, भूक पुरी होती. स्वतः त्या ईदीला बँकेतून आणलेल्या दहाच्या कोऱ्या नोटा देतात. दहाला आता काही येत नाही, हे त्यांना चौघांनी चार पद्धतींनी समजावून झालं आहे. उत्तर ठरलेलं, “करकरीत है ना? फिर?”

आता जूनमध्ये हे घर निम्मं होणार आहे. धाकट्या दिरांची बदली पुण्याला झाली. कोंढव्यात भाड्याचं घर मिळालं, नवाबसाबला तिथल्या शाळेत प्रवेश मिळाला. शाळा सुरू व्हायच्या आधी ते चौघं जातील. अम्मींचं काय, हा प्रश्न अर्थातच निघाला. दोन्ही मुलगे समजूतदार आहेत, दोघांनाही त्या हव्या आहेत. एका रात्री बसून त्यांनी ठरवलं की अम्मी चार महिने इथे राहतील, चार महिने तिथे. हे ऐकल्यावर अम्मी म्हणाल्या, “मैं क्या एसटी हूं? चार महिने इस डेपो में, चार महिने उस डेपो में?” सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

पण त्या दिवसापासून स्वप्नं छोटी झाली आहेत. शेळी लग्नाला पोचतच नाही. बेगम रोज विचारते, “दादी, तुम हमारे साथ आते ना?” त्यावर अम्मींकडे अजून चांगला विनोद नाही. म्हणून त्या गोष्ट सांगतात. पुण्याला जायला कोणती गाडी? हुतात्मा एक्सप्रेस. सकाळी बसलं की दुपारच्या आत पुणं. हुतात्मा म्हणजे कोण? मग सोलापूरच्या चौघांची गोष्ट येते. 1930 साली इथे मार्शल लॉ लागला, इंग्रजांनी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना पकडलं आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. अम्मींचे वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे ते गिरणीत लागले. त्या दिवसांत गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढंच ते मुलीला सांगायचे, आणि अम्मीही तेवढंच सांगतात. नवाबसाबने चारही नावं पाठ केली आहेत. नव्या शाळेत सांगणार म्हणतो. त्याच्या मते पुण्यातल्या मुलांना गाडी माहीत असेल, माणसं माहीत नसतील.

जावेची आणि माझी बांधाबांध चालू आहे. शेंगाचटणीचा मोठा डबा तिने आत्ताच भरून ठेवला आहे. आम्ही दोघी भांडी वाटून घेताना फार बोलत नाही. बारा वर्षं एका ओट्यावर काम केलं की पातेलं कुणाचं हे दोघींनाही आठवत नाही.

मागच्या जुम्म्याला मुलांनी अदालतीत रीतसर दावा लावला. फिर्यादी नवाबसाब आणि बेगम, प्रतिवादी कलेक्टर. वकीलसाब दोन्हीकडून बोलत होता. मागणी एकच, दादी कुणाची? बेगमची बाजू अशी की तिला मांडी लागते. कलेक्टरची बाजू अशी की सहावीत ‘माझे बालपण’ या विषयावर निबंध येतो आणि तिला दादीचं बालपण लिहायचं आहे. वकीलसाब म्हणाला, या वेळी तोंडी निकाल चालणार नाही, लेखी हुकूम हवा.

“लिखना आता तो बिड्यां कायकू बनाती मैं?” अम्मी म्हणाल्या.

या वेळी कुणी हसलं नाही. कलेक्टर उठली, निबंधाची जुनी वही शोधून आणली, मागचं कोरं पान उघडलं आणि मांडी घालून समोर बसली. “बोलो दादी. मैं लिखती.”

अम्मी बराच वेळ अडकित्ता उघडत मिटत राहिल्या. मग त्यांनी अटी सांगायला सुरुवात केली. एक, पुण्याच्या घरी नमाजाची खुर्ची असेल तर याच उंचीची, बोटभरही कमी-जास्त नको. दोन, ज्या घरी दादी नसेल त्या घरच्या मुलांनी रोज मगरिबनंतर फोन लावायचा आणि आपणच बोलत बसायचं नाही, दादीचं स्वप्नही ऐकायचं, पूर्ण.

“शेळीसुद्धा?” वकीलसाबने विचारलं.

“शेळी पयली.”

तिसरी अट सांगायच्या आत अजान झाली आणि सगळे वुजूला उठले. वही अजून फ्रीजवर आहे. काल मुलांचे अब्बा टेप घेऊन त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची उंची मोजत होते.